रिपोर्टवाले काका

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही, खाण्यापिण्याचीही चौकशी केली नाही. फाटकाच्या आत उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सीबीसी कधी केला होता?"

मला वाटलं, सिबिल म्हणतायत. म्हटलं, "अजून कर्ज नाही काढलं काका."

"रक्ताची तपासणी रे. नाय केली कधी? मग करून घे. रिपोर्ट घेऊन ये, मग खोलीचं बोलू."

चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागून मला पंधरा दिवस झाले होते आणि मी मित्राच्या खोलीवर पाचवा माणूस म्हणून झोपत होतो. दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन रक्त दिलं आणि संध्याकाळी कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर झालो. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून लाल पेन काढलं आणि हिमोग्लोबिनच्या पहिल्या ओळीकडे ढुंकूनही न बघता बोट खाली नेलं.

"एकूण पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे. चार ते अकरा हजारात पाहिजेत. बरोबर. न्यूट्रोफिल अठ्ठावन्न टक्के, ठीक. लिम्फोसाइट सव्वीस, ठीक. मोनोसाइट पाच. इओसिनोफिल अकरा." इथं त्यांचं बोट थांबलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात?"

"येतात."

"किती?"

"मोजल्या नाहीत काका."

"मोजत जा. गाव कोणतं?"

"पाचोड."

"म्हणजे शेतातली धूळ लहानपणापासून. त्यानं वाढत्यात ह्या. जंतानंबी वाढत्यात. एकदा डॉक्टरला दाखव. खोली वर हाय, जिना बाहेरून."

अशी मला खोली मिळाली. तिथं मी तीन वर्षं राहिलो.

कॉलनीत त्यांना सगळे रिपोर्टवाले काका म्हणायचे, तोंडावर नुसतं काका. ते मूळचे पैठणकडच्या एका गावचे, शेतकरी घरातले. तीस वर्षं कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचं काम केलेलं. पेटीवर कुणी 'ओके'चा शिक्का मारला की तीच पेटी पहिली उघडायची, अशी त्यांची तिथं ख्याती होती म्हणे. निवृत्तीनंतर पेट्या गेल्या आणि लोकांचे रिपोर्ट आले. भाजीवाला, समोरच्या शाळेतल्या बाई, गॅसची टाकी आणणारा, कुणीही लॅबचं पाकीट हातात घेऊन दिसला की काका फाटकातून हाक मारायचे, "बघू बघू."

मी डॉक्टर नाय, हे वाक्य ते प्रत्येकाला आधी ऐकवायचे. "मी फक्त वाचून सांगतो. औषध विचारू नका." आणि खरंच त्यांनी कधी कुणाला साधी डोकेदुखीची गोळीही सुचवली नाही. पण वाचायचे असं, की लॅबच्या कागदावरचे आकडे आपल्या अंगातलेच आहेत हे माणसाला पहिल्यांदा कळायचं.

एकदा शेजारचे देशमुख सर पांढरे पडून आले. पेशी बारा हजार चारशे आल्या होत्या आणि पुढे कागदावर ठळक अक्षरात इंग्रजी एच छापला होता. सरांनी मोबाईलवर शोधलं होतं आणि मोबाईलनं त्यांना ब्लड कॅन्सर सांगितला होता. ओट्यावर बसण्याआधीच त्यांनी कागद काकांपुढे धरला.

काकांनी कागद वाचला. "न्यूट्रोफिल ब्याऐंशी. सर, दात दुखतोय का?"

सरांनी गालावर हात ठेवला. "उजवीकडची दाढ. चार दिवस झाले. तुम्हाला कसं कळलं?"

"गाल सुजलाय तुमचा. कागदात कुठं लिहिलंय ते? हे बघा, अंगात कुठं पू झाला, जखम झाली, की ह्या न्यूट्रोफिल पेशी तिकडं धावत्यात. म्हणून वाढल्यात. दाताच्या डॉक्टरला आज दाखवा. बरं वाटल्यावर पुन्हा तपासा. तवाबी वाढलेल्याच दिसल्या तर मोठ्या डॉक्टरकडं जायचं, टाळायचं नाय. तोवर तो मोबाईल बंद करा."

सर गेले. पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आले, आठ हजार शंभर.

एच दिसला की लोक रडतात, काका म्हणायचे, आणि एल दिसला तर कुणी लक्षच देत नाही. हे ते जरा जास्तच जोरात म्हणायचे, आणि का ते मला दीड वर्ष कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती. खरं सांगायचं तर मी त्यांना टाळायचो. ड्यूटीवरून आलं की ओट्यावर काका बसलेले असायचे. एकदा बसवलं की तासभर सुटका नाही. पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या असतात, त्यातल्या कुठल्या किती तास जगतात, टक्के नुसते का वाचू नयेत, हे मला तोंडपाठ झालं होतं. "शंभरातले साठ म्हणजे चांगले, असं नसतं बरं. एकूण हजारच असल्या तर त्याचे साठ टक्के म्हणजे सहाशे. सहाशेत काय होतंय? टक्क्याला एकूणाशी गुणायचं." मी मान डोलवायचो. पुढे पुढे मी बूट हातात घेऊन जिना चढायला लागलो. त्यांना ते कळत असणार. त्यांचे कान तिखट होते. पण त्यांनी कधी हाक मारली नाही.

घर तीन खोल्यांचं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, सून, एक नात. मुलाचा फोन महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी यायचा. जिना घराच्या भिंतीला लागून असल्यामुळे खालचं बोलणं जिन्यात ऐकू यायचं. "हां. हाय. गोळी संपली नाय अजून. हां. ठेवतो." दीड मिनिट. त्यानंतर काका फोन हातात धरून बराच वेळ ओट्यावर बसायचे आणि त्या दिवशी रस्त्यावरून कुणीही पाकीट घेऊन गेलं तरी त्यांचं लक्ष नसायचं.

त्यांच्या घरात रोज येणारं माणूस एकच, स्वयंपाकाच्या कौसाबाई. खुलताबादकडच्या धनगर घरातल्या. नवऱ्यानं मेंढरं विकून रखवालदाराची नोकरी धरली तेव्हा त्या शहरात आल्या. काकांना न भिणारी ही एकटीच बाई. "आमच्या मेंढरांचं रगत कुणी तपासलं न्हवतं, तरी जगली की," असं त्या तोंडावर सांगायच्या.

मग एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होतो. खालून काकांचा आवाज आला. "चहा तसाच का ठेवला? रोज दोन कप पिता."

"गिळवना," कौसाबाईंचा आवाज घोगरा झाला होता. "घसा लई दुखायलाय. थुकीबी गिळवना. ताप हाय दोन दिसांपून."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं की. त्यांनी रगत तपासाया सांगितलं. काल रिपोर्ट घेतला. आता उद्या दाखवायचा, आज दवाखाना बंद हाय."

"रिपोर्ट कुठंय?"

"पिशवीत."

मग पिशवी चाळल्याचा आवाज आला. नंतर काकांनी मला हाक मारली. दीड वर्षात त्यांनी मला नावानं मारलेली ती पहिली हाक. मी धावत खाली गेलो. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे होते. हातातलं लाल पेन उघडं होतं, पण कागदावर एकही खूण नव्हती.

"एकूण एक हजार चारशे," ते म्हणाले. "न्यूट्रोफिल चार टक्के. गुण."

मी मनात गुणलं. "छप्पन्न."

"दीड हजाराच्या वर पाहिजेत. छप्पन्न हायेत." मग कौसाबाईंकडे वळून ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बाई, सध्या कुठली गोळी चालू हाय का? नवीन?"

"थायराडची हाय. दीड महिना झाला. गळा फुगला व्हता ना."

"ती पिशवीत हाय का? घ्या सोबत. डॉक्टरला दाखवायची. आपण आत्ता निघायचं."

"अहो, भाजी फोडणीला टाकलीय..."

काकांनी जाऊन गॅस बंद केला. "मी डॉक्टर नाय," ते म्हणाले, "पण एवढं मला ठाऊक हाय. ताप असताना ह्या पेशी इतक्या कमी असल्या तर उद्याची वाट बघायची नसते."

मी फोनवरून रिक्षा मागवली. मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा अपघात विभागात गर्दी होती. जालना रोडवर दोन गाड्यांची धडक झाली होती. रांगेत आमच्या पुढे बरीच माणसं होती. कौसाबाई भिंतीला टेकून बसल्या, त्यांचा चेहरा लाल झाला होता. आणि काका, जे रस्ता ओलांडतानाही रिक्षावाल्याची माफी मागायचे, ते सरळ रांग सोडून टेबलापाशी गेले. कुणीतरी ओरडलं, "ओ चाचा, लाइन में आओ ना!" काकांनी ऐकलं नाही. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीपुढे त्यांनी कागद ठेवला आणि म्हणाले, "ताप हाय, घसा धरलाय, थायरॉईडची गोळी चालू हाय, आन न्यूट्रोफिल छप्पन्न हायेत."

ती लिहीत होती. तिचं पेन थांबलं. तिनं कागद बघितला, गोळ्यांची पट्टी उलटून नाव वाचलं आणि उठून उभी राहिली. "पेशंट कुठंय?"

पुढचं सगळं भराभर झालं. गोळी तिथल्या तिथं बंद केली. हातात सुई, सलाईन, अँटिबायोटिकची इंजेक्शनं, कडेची एक वेगळी खोली, आत जाणाऱ्याला मास्क. हजारात एखाद-दुसऱ्याला त्या गोळीनं असं होतं, त्या डॉक्टरनं आम्हाला बाहेर येऊन सांगितलं. वेळेवर आणलंत. मग काकांकडे बघून विचारलं, "तुम्ही मेडिकल लाइनमध्ये आहात का?"

"नाय," काका म्हणाले. "मी पेट्या तपासायचो."

कौसाबाईंचा नवरा येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी चहा आणला. काकांनी कप हातात धरला आणि तो निवेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागले. मला सांगत होते असं वाटलं नाही.

"तुझ्या काकूला छातीचा कॅन्सर होता. तिसरी केमो झाली आन दहाव्या दिवशी रक्त तपासलं. रिपोर्ट मीच आणला. सदऱ्याच्या खिशात. मला काय, हिमोग्लोबिन तेवढं कळायचं. तेच सगळे विचारतात ना. अकरा होतं. आधी साडेनऊ होतं, ते अकरा झालं. म्हटलं वा. येताना खारी घेतली. पोराचा पुण्याहून फोन आला, बाबा, रिपोर्ट कसाय? म्हटलं एकदम चांगला, हिमोग्लोबिन अकरा झालं. त्यानं विचारलं, बाकीचं? म्हटलं बाकीचं बी चांगलंच असंल."

आतून कुणीतरी एका पेशंटच्या नातेवाइकांना पुकारलं, एक बाई पळत गेली.

"खालच्या ओळीत नऊशे लिहिलं होतं. पांढऱ्या पेशी. पुढं एल. मी ते बघितलं होतं रे. बघितलं नाय असं नाय. पण मला वाटलं, कमी हाय तर बरंच हाय. साखर कमी, बीपी कमी, तसं. दुपारी हिला ताप आला. तापाची गोळी दिली, उतरला. मी खूश. संध्याकाळी पुन्हा आला, ती म्हणली, आता कुठं जाता, सकाळी बघू. सकाळी हातपाय गार. दोन दिवस काढले तिनं दवाखान्यात. पोरगा आला तेव्हा बोलत नव्हती. त्यानं माझ्या खिशातला रिपोर्ट काढून वाचला. त्याच्या मोबाईलवर एका मिनिटात सगळं आलं, ताप आन नऊशे म्हणजे काय ते. मला म्हणाला, बाबा, तुमच्या खिशात होता हा."

एवढं बोलून ते उठले आणि चहाचा कप डब्यात टाकून आले. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्याशी कधी काढला नाही.

कौसाबाई नवव्या दिवशी घरी आल्या. पेशी तीन हजार नऊशे, न्यूट्रोफिल अर्ध्याच्या वर. खुलताबादेहून त्यांचा भाऊ सीताफळांची पाटी घेऊन आला आणि काकांच्या पाया पडायला वाकला. काका मागे सरकता सरकता भिंतीला टेकले.

आणि मग मी एक गोष्ट केली. चांगल्या मनानं केली, पण कुणीही मला ती करायला सांगितली नव्हती. भाडेकरारावर मुलाचा नंबर होता. मी त्याला फोन लावला. तुमच्या वडिलांनी एका बाईचा जीव वाचवला, हे त्याला कळलं पाहिजे असं मला वाटलं. सगळं रंगवून सांगितलं. रांग, टेबल, छप्पन्न.

"म्हणजे आता कळतं त्यांना," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायला गेलो.

"स्वयंपाकवाल्या बाईच्या वेळी कळलं. चांगलं झालं. माझ्या आईच्या वेळी का नाही कळलं, हे विचारा त्यांना. माझ्याकडून विचारा." आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी मी बूट हातात न घेता जिना चढत होतो. काका ओट्यावर होते. मी फोन केल्याचं त्यांना कौसाबाईंनी सांगितलं होतं, आणि कौसाबाईंना ते मीच आगाऊपणे बोललो होतो.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

ते माझ्याकडे बघत नव्हते. फाटकाकडे बघत होते. मी म्हणालो, "लई बरं वाटलं म्हणाले. अभिमान वाटला म्हणाले."

"असं म्हणाला?"

"हो. दिवाळीला जमलं तर येतो म्हणाले." हे दुसरं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येणार नाही.

काका गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं. हृदय थांबलं, झोपेतच. तोपर्यंत मी खोली सोडली होती. दहाव्याला मुलगा भेटला. वडिलांसारखंच नाक, तशीच मान एका बाजूला कललेली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या दिवशी फोनवर मी जास्त बोललो. तुम्ही त्यांना सांगितलं नाही ना?" मी नाही म्हणालो. तो मान हलवत उभा राहिला. आणखी काहीतरी विचारायचं होतं त्याला, पण गुरुजींनी हाक मारली.

पण मला सांगायचंय ते त्या दिवाळीचं.

फोननंतर दोन महिने काकांनी घर आवरायला काढलं. आधी रंगाऱ्याला बोलावलं. पोपडे आलेली भिंत खरवडून फिक्या पिवळ्या रंगानं रंगवून घेतली. मधल्या खोलीतला पलंग उन्हात टाकला, गादी पिंजून आणली. नातीला वरच्या गच्चीत खेळता येईल म्हणून कठड्याला जाळी बसवली आणि मला विचारलं, "आठ वर्षांच्या पोरीला एवढी उंची पुरंल ना?" कौसाबाईंना चकल्या करायला लावल्या, मग मुलाला आवडतात म्हणून तिखट शेव, मग करंज्या. ते गुणगुणायचेसुद्धा. कॉलनीतल्या लोकांचे रिपोर्ट वाचताना घाई करायचे, "उद्या या, आज पडदे आणायचेत." मी रोज ठरवायचो की आज खरं सांगायचं, आणि रोज जाळी, पडदे, शेव बघून वर निघून जायचो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी पाचोडला जायला बॅग भरून खाली आलो. कौसाबाई सुट्टीवर गेल्या होत्या. काका नवा सदरा घालून ओट्यावर बसले होते. दारात रांगोळी होती, त्यांनीच काढलेली, रेषा वाकड्या. समोर ताटात फराळ झाकून ठेवला होता.

मी बॅग खाली ठेवली. "काका, मी तुमच्याशी खोटं बोललो. फोनवर ते येतो असं काही म्हणाले नव्हते."

"ठाऊक हाय," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"त्याच दिवशी कळलं. त्याला बरं वाटलं असतं तर त्यानं मला फोन केला असता. तुला कशाला सांगत बसला असता?"

मी भिंतीकडे बघितलं. "मग हा रंग? जाळी?"

त्यांनी ताटावरचं झाकण काढलं आणि एक करंजी माझ्या हातात दिली. "तुझी काकू गेल्यापासून घर आवरायला कारणच नव्हतं रे. कुणी यायचं नाय, मग कुणासाठी झाडायचं? तू म्हणालास तो येतो म्हणून, तर म्हटलं असू दे. खोटं का होईना. दोन महिने लई चांगले गेले माझे."

"मी थांबतो काका," मी म्हणालो. "घरी फोन करतो. उद्या जाईन."

"नगं नगं. आई वाट बघत असंल तुझी. जा, गाडी चुकंल."

मी गेलो. थांबायला हवं होतं, हे तेव्हाही कळत होतं. कोपऱ्यावर वळताना मागे बघितलं. नव्या रंगाच्या भिंतीला टेकून ते बसले होते आणि शेजारून जाणाऱ्या कुणाला तरी, हातात पिशवी होती म्हणून, हाक मारत होते. त्या माणसानं हात हलवला आणि तो तसाच पुढे गेला. सणाच्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते.